कॅन्सरचे उपचार संपले: आधी मन सावरायचं की आधी कामावर जायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पत्नी 42 वर्षांच्या आहेत. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, पॅक्लिटॅक्सेल असलेली केमो आणि रेडिएशन पूर्ण होऊन चार महिने झाले. तपासण्या समाधानकारक आहेत, टॅमॉक्सिफेनची (कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोनचा परिणाम अडवणारी) गोळी रोज चालू आहे. त्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करतात आणि त्यांची रजा सहा आठवड्यांनी संपते. दुपारी बारा वाजेपर्यंत त्या गळून जातात, आकडे लक्षात राहत नाहीत, मध्येच रडू येतं, रात्री झोप तुटते. घरात दोन तट आहेत. काहीजण म्हणतात कामाला लागली की मन रमेल, काहीजण म्हणतात मन थाऱ्यावर येईपर्यंत कामाचं नाव नको. यातलं बरोबर कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही तट एकच गोष्ट धरून चालतात: मन आणि काम यांची रांग लागलेली आहे आणि एक झालं की दुसरं. कॅन्सरच्या रुग्णांच्या पुनर्वसनात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करताना मला ही रांगच बहुतेक वेळा आडवी आलेली दिसते. मन पूर्ण बरं होण्याची वाट पाहत घरी बसलं की दिवसाला आकार राहत नाही, झोप आणखी बिघडते, ‘मला जमणार नाही’ हा समज पक्का होतो. उलट, मन रमवायला म्हणून थेट पूर्ण वेळ कामावर गेलं तर पहिल्या पंधरा दिवसांत चुका होतात आणि त्या चुका हाच ‘मी संपले’ याचा पुरावा वाटू लागतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी सुरू करायचं, पण काम मोजून वाढवायचं. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) हेच दिसलं: शारीरिक व्यायाम, मानसिक आधार आणि कामाच्या ठिकाणचं नियोजन हे तिन्ही एकत्र दिलं तेव्हा कामावर परतणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, नुसत्या समुपदेशनाचा या बाबतीत तसा ठळक फायदा दिसला नाही.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही आधीच सांगते, कारण शेजारची कोणीतरी ‘दोन महिन्यांत कामावर गेली’ ही तुलना फार त्रास देते. कामावर परतण्याविषयीच्या अभ्यासांचा 2011 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात परतणाऱ्यांचं सरासरी प्रमाण 63.5 टक्के होतं, पण वेगवेगळ्या अभ्यासांत ते 24 पासून 94 टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं. इतका फरक पडतो, कारण कॅन्सर कोणता, उपचार कोणते, काम बैठं की अंगमेहनतीचं, वरिष्ठ कसे, रजा पगारी की बिनपगारी, घरी अजून कोणाची जबाबदारी आहे, यातली प्रत्येक गोष्ट आपलं माप टाकते. पुढे मी जे तास आणि आठवडे देणार आहे ते तुमच्या पत्नींसारख्या बैठ्या, आकडेमोडीच्या कामासाठी आहेत, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पाहून मान्य केल्यावरच वापरायचे.

आधी थकव्याचं कारण शोधा

‘मानसिक आहे’ असं म्हणण्याआधी काही साध्या गोष्टी तपासून घ्यायच्या. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12, साखर. मानेच्या खालच्या भागापर्यंत रेडिएशन गेलं असेल तर थायरॉइडकडे जास्त लक्ष द्यायचं. मंद थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. केमोतल्या काही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत असेल तर ते डॉक्टरांना वेगळं सांगायचं, थकव्याच्या यादीत दडपायचं नाही.

मग झोप. टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होणं आणि रात्री घाम फुटणं नेहमीचं आहे. अनेकींना ‘झोप लागत नाही’ असं वाटतं, पण नीट विचारलं तर कळतं की झोप लागते आणि घामाने मोडते. दोन्हींचे उपाय वेगळे. घामाने मोडत असेल तर आधी घामावर उपाय. अंथरुणात पडून विचारांचं चक्र चालत असेल तर निद्रानाशासाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत) उपयोगी पडते. त्यात उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, झोप येईल तेव्हाच अंथरुणात जायचं, आणि बराच वेळ जागं राहिलं तर उठून बाहेर बसायचं. दुपारी डुलकी घ्यायची असेल तर अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी.

कॅन्सरनंतरच्या थकव्याचं वेगळेपण असं की तो झोपून भरून येत नाही आणि केलेल्या कामाच्या मानाने फार जास्त असतो. तो 0 ते 10 मध्ये मोजायचा: 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे कल्पनेतला सर्वांत वाईट. 1 ते 3 सौम्य, 4 ते 6 मध्यम, 7 किंवा जास्त तीव्र. 4 किंवा जास्त आकडा सातत्याने येत असेल तर वरच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत.

थकवा की नैराश्य

हा फरक घरच्या घरी बऱ्यापैकी कळतो. थकलेल्या माणसाला करावंसं वाटतं आणि शरीर साथ देत नाही. नैराश्यात करावंसं वाटणंच आटतं. मैत्रीण आली तर अर्धा तास खुलून बोलतात आणि मग आडव्या होतात का? हा थकवा. मैत्रीण आली तरी काही फरक पडत नाही, उलट ‘ती का आली’ असं वाटतं का? हे दोन आठवडे रोज चाललं असेल तर मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यायलाच हवी. अर्थात दोन्ही एकत्रही असतात.

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी तुम्हाला कुठेही मिळेल. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी करावी असं मानतात. पण कॅन्सरनंतर ती वाचताना एक काळजी घ्यायची. नऊपैकी पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींचा वेग यांविषयी आहेत, आणि हे सगळं उपचारांमुळेही बिघडतं. त्यामुळे एकूण गुण फुगतात. मी उरलेल्या चार प्रश्नांकडे आधी बघते: कशात रस वाटत नाही का, उदास किंवा हताश वाटतं का, स्वतःबद्दल अपयशाची वा अपराधी भावना आहे का, आणि नववा, मरून जावंसं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का. नवव्या प्रश्नाला ‘नाही’ सोडून कोणतंही उत्तर आलं तर बाकीची बेरीज बघायचीच नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं आणि पत्नींना एकटं ठेवायचं नाही. ठरवलेली पद्धत, साठवलेल्या गोळ्या, निरोपाची भाषा यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. हा प्रश्न विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. स्पष्ट विचारा.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगते: 2011 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात कॅन्सर विभागांतल्या साधारण सहापैकी एका रुग्णाला नैराश्याचा आजार होता. म्हणजे रडू येणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, पण तो दुर्मीळही नाही, आणि त्यावर उपचार आहेत.

नैराश्याचं औषध सुरू होणार असेल तर ‘टॅमॉक्सिफेन चालू आहे’ हे मनोविकारतज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात सांगा. टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे प्रभावी रूप तयार होतं ते यकृतातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे). पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं ते विकर जोरात दाबतात, म्हणून ती शक्यतो टाळतात. व्हेन्लाफॅक्सिनचा तसा अडथळा फारसा होत नाही आणि गरम वाफाही त्याने कमी होतात, त्यामुळे अनेकदा त्याचा विचार होतो. निवड डॉक्टरांची, पण दोन डॉक्टर एकमेकांशी बोललेले नसतील तर हा दुवा तुम्ही जोडायचा. आणि आधीच यांतलं एखादं औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, विचारून बदलून घ्यायचं.

‘रिपोर्ट चांगले आले, मग आता का रडते?’ असं तुम्ही लिहिलंय. उपचार चालू असतात तेव्हा पुढची तारीख, पुढचं सलाइन, पुढची तपासणी ठरलेली असते. रोज कोणीतरी विचारपूस करत असतं. ते संपतं आणि घरचे मोकळा श्वास घेतात, नेमकं तेव्हाच रुग्णाला झालेल्या गोष्टीचा अर्थ लावायला पहिल्यांदा उसंत मिळते. त्यामुळे उपचारानंतरचे तीन ते सहा महिने हा मनाचा नाजूक काळ असतो. त्यात वावगं काही नाही. त्या कृतघ्न नाहीत आणि खचलेल्याही नाहीत.

दोन आठवड्यांची नोंदवही

तपासण्या चालू असताना हे सुरू करा. साधी वही, दिवसाला चार नोंदी: उठल्यावर, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, झोपताना. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहायच्या: थकवा 0 ते 10, मनाची अवस्था 0 ते 10, आणि मधल्या वेळात काय केलं. बस्स. जास्त रकाने केले की चौथ्या दिवशी वही बंद पडते.

दोन आठवड्यांनी बघितलं की बहुतेकांच्या वहीत एक नक्षी दिसते. एक दिवस बरं वाटतं म्हणून घर आवरलं, बाजार केला, फोन केले, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशी सगळं उरकायचं ही सवय थकवा लांबवते. उपाय सोपा आहे, पण पाळायला अवघड: बऱ्या दिवशीही ठरलेलं तेवढंच करायचं आणि वाईट दिवशीही त्यातलं थोडं तरी करायचं. काम वाढवायचं ते आधी ठरलेल्या तारखेला. ‘आज छान वाटतंय’ हे वाढवण्याचं कारण धरायचं नाही.

याच काळात चालणं सुरू करा. 2019 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी दिलेल्या शिफारशींनुसार थकवा, चिंता आणि उदासी या तिन्हींसाठी मध्यम गतीचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, 30 मिनिटं, निदान 12 आठवडे करायला हवा. आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही जोडता येतात. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. तुमच्या पत्नींनी 10 मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवावीत. थकव्यावर विश्रांतीपेक्षा व्यायामाचा पुरावा भक्कम आहे, हे घरच्यांना पटवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येईल या भीतीने तो हात वापरणंच सोडतात. हलक्या वजनापासून हळूहळू वाढवलेल्या, देखरेखीखालच्या व्यायामाने सूज वाढत नाही, हे 2009 च्या एका चांगल्या चाचणीत दिसलं आहे. हात जड वाटणं, अंगठी किंवा बांगडी घट्ट होणं ही मात्र लगेच दाखवायची खूण.

कामाचे तुकडे पाडा

‘अकाउंट्सचं काम’ असं एकच काम नसतं. व्हाउचर तपासणं, नोंदी टाकणं, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी जुळवणं), थकबाकीसाठी फोन, कराची विवरणपत्रं, महिनाअखेरचं क्लोजिंग, ऑडिटरच्या शंका. त्यांनी एका कागदावर आपली सगळी कामं लिहावीत आणि प्रत्येकापुढे चार गोष्टींना 1 ते 3 गुण द्यावेत: किती वेळ सलग लक्ष लागतं, वेळेचं बंधन किती, चूक झाली तर किती महागात पडते, माणसांशी किती बोलावं लागतं. बेरीज 6 पर्यंत असेल ते पहिल्या महिन्याचं काम. 10 च्या वर असेल ते शेवटी. महिनाअखेर, ऑडिट आणि विवरणपत्रांच्या अंतिम तारखा पहिल्या दोन महिन्यांत त्यांच्याकडे नकोत, आणि हे लेखी ठरवून घ्यायला हवं. नाहीतर होतं असं की तास अर्धे होतात आणि काम पूर्ण राहतं. हळूहळू परतण्याची योजना मोडण्याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

आकड्यांच्या चुकांबद्दल थोडं बारकाईने लिहिते, कारण ‘केमोने मेंदू गेला’ ही भीती त्यांना सर्वांत जास्त खात असणार. उपचारांनंतर लक्ष, काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवणं, शब्द पटकन सुचणं आणि एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं मंदावतं, हे खरं आहे. बहुतेकांमध्ये ते काळानुसार सुधारतं, काहींना जास्त काळ लागतो. ज्ञान मात्र कुठे जात नाही; डेबिट-क्रेडिटची समज तशीच असते. पण पॅक्लिटॅक्सेलने बोटांच्या टोकांना बधिरपणाही येतो, आणि कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग न बघता चालवणाऱ्याला तो फार नडतो. म्हणून चुका गोळा करा आणि वाचा. 500 च्या जागी 5500 पडलं असेल, म्हणजे एक कळ दोनदा दाबली गेली, तर बोटांवर संशय घ्या. 540 च्या जागी 450 पडलं असेल तर ती अदलाबदल आहे आणि लक्षाचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त. अशा चुकीतल्या फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो, हे त्यांना अकाउंट्समधून माहीत असेलच. चुका पहिल्या प्रकारच्या असतील तर स्मरणशक्तीची काळजी करत बसण्यापेक्षा कळांवर उठावाचे ठिपके चिकटवणं, बघून टाइप करणं आणि हाताचे व्यायाम जास्त उपयोगाचे. बधिरपणासोबत वेदना असतील तर ड्युलोक्सेटिन या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारता येतं, पण तेही टॅमॉक्सिफेनच्या वाटेत काही प्रमाणात येतं, हे लक्षात ठेवून.

लक्षासाठीच्या सवयी सांगते. 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं उठून फिरणं. त्या 25 मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत. काम मध्येच थांबवावं लागलं तर ‘व्हाउचर 118 झालं, 119 मध्ये कराची रक्कम बघायची’ अशी एक ओळ लिहूनच उठायचं. सगळ्या नोंदी एकाच वहीत, चिठ्ठ्या नकोत. अवघड काम ज्या वेळी थकव्याचा आकडा सर्वांत कमी असतो त्या वेळी. नोंदवही इथे कामाला येते, कारण तुमच्या वर्णनावरून त्यांची चांगली वेळ सकाळची दिसते. आणि तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी. त्याच संध्याकाळी केलेली तपासणी चुका सोडून देते.

घरच्या घरी तालीम

परतण्याआधीचे तीन आठवडे कामाच्या दिवसाची तालीम करायची. पहिल्या आठवड्यात फक्त वेळ: कामाच्या दिवशी उठतात त्या वेळी उठणं, तयार होणं, टेबलाशी बसणं. दुसऱ्या आठवड्यात दीड-दोन तास खरं काम, म्हणजे जुन्या स्टेटमेंटमधल्या तीसेक नोंदी जुळवणं, वेळ आणि चुका लिहून. तिसऱ्या आठवड्यात तीन तास, आणि एकदा ऑफिसपर्यंत जाऊन येणं, त्याच गर्दीच्या वेळी. प्रवासाचा थकवा सगळे हिशेबाबाहेर ठेवतात आणि पहिल्याच दिवशी तिथे गणित चुकतं.

तास कसे वाढवायचे

मी साधारण असा आराखडा सुचवेन. सुरुवात आठवड्याच्या मध्यावर, म्हणजे पहिल्या आठवड्यात बुधवार आणि शुक्रवार, तीन-तीन तास. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस, चार-चार तास. चौथ्यात चार दिवस चार तास. पाचव्या आणि सहाव्यात चार दिवस पाच तास. सातव्यात पाच दिवस पाच तास, आठव्या आणि नवव्यात सहा तास, दहाव्यात सात, आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण वेळ. मध्ये मुद्दाम न वाढवलेले आठवडे आहेत, ते घाईने गिळायचे नाहीत. थकव्याचा परिणाम अनेकदा दुसऱ्या आठवड्यात दिसतो.

दोन नियम. एका आठवड्यात तास किंवा कामाची अवघडता यांतलं एकच वाढवायचं. आणि वाढवायचं की नाही हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवायचं: संध्याकाळी थकवा 6 असला तरी चालेल, पण सकाळी तो नेहमीच्या आकड्यावर उतरलेला हवा. सलग दोन सकाळी दोन आकडे जास्त असेल तर एक पायरी खाली. पूर्ण रजेवर जायचं नाही, फक्त मागच्या आठवड्याच्या तासांवर यायचं. ही मागची पायरी सुरुवातीच्या आराखड्यातच लिहिलेली असेल तर ती घेताना हरल्यासारखं वाटत नाही.

घरून काम मिळत असेल तर आठवड्यातले एक-दोन दिवस घ्यावेत, सगळे नकोत. प्रवास वाचतो हे खरं, पण उदास माणूस घरातल्या घरात एकटा पडतो, आणि चहाच्या वेळच्या चार शब्दांतून जे सावरणं होतं ते होत नाही.

महिन्यातून एकदा त्यांना विचारा: आयुष्यात काम करण्याची जी सर्वांत चांगली ताकद होती तिला 10 मानलं तर आज किती? फिनलंडमध्ये तयार झालेल्या कार्यक्षमता निर्देशांकातला हा एक प्रश्न आहे. 5 पर्यंत कमी, 6-7 मध्यम, 8-9 चांगली. आकड्यापेक्षा दिशा बघायची.

ऑफिसशी बोलणं

ही बैठक रजा संपण्याआधी निदान तीन आठवडे व्हायला हवी, म्हणजे तुमच्याकडे तयारीला तेवढेच तीन आठवडे आहेत. डॉक्टरांचं पत्र ‘कामास योग्य’ एवढ्या दोन शब्दांचं नको. त्याचा अर्थ ऑफिस पूर्ण वेळ असाच घेतं. पत्रात क्षमता लिहून घ्या: दिवसाला किती तास, आठवड्याला किती दिवस, दर तासाला उठण्याची मुभा, एका हाताने जड फाइली उचलायच्या नाहीत, तपासणीच्या दिवशी सुट्टी, आणि किती आठवड्यांनी फेरविचार. आजाराचा तपशील किती द्यायचा हे त्यांनी ठरवायचं. वरिष्ठांना काय करता येईल आणि काय नाही एवढं कळलं की पुरतं. पगार, रजा आणि विमा यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून कमी तासांच्या काळात पगार आणि सेवेवर काय परिणाम होईल ते एचआरकडून लेखी घ्या.

वरिष्ठांचं अतिप्रेमही अडचण करतं. ‘तू फक्त बस, आम्ही बघतो’ म्हणून काम काढून घेतलं की माणसाला आपण दयेवर आहोत असं वाटतं. काम थोडं असावं, पण खरं असावं.

सहकाऱ्यांच्या प्रश्नांसाठी दोन वाक्यं पाठ करून ठेवावीत. एक, उत्तर देण्यासाठी: ‘उपचार झाले, आता हळूहळू तास वाढवतेय.’ दुसरं, थांबवण्यासाठी: ‘त्याबद्दल ऑफिसात बोलायला नको वाटतं, तुमचं काय चाललंय?’ पहिल्या दिवसाआधी एका विश्वासू सहकाऱ्याने बाकीच्यांना हे सांगून ठेवलं तर आणखी बरं. रडू आलं तर कुठे जायचं ती जागाही आधी ठरवावी. ते येण्याची भीती रडण्यापेक्षा जास्त शक्ती खाते.

कॅन्सर परत होईल का, ही भीती

ही भीती तपासणीच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत वर येते आणि त्या काळात एकाग्रता घसरते. म्हणून तास वाढवण्याची तारीख आणि तपासणीची तारीख एकाच आठवड्यात नकोत. प्रत्येक दुखण्याने दचकायला होतं, त्यासाठी डॉक्टरांकडून एक नियम लिहून घ्या: कोणत्या लक्षणासाठी लगेच यायचं, आणि कोणत्यासाठी दोन आठवडे वाट पाहायची. नवीन गाठ, रक्तस्राव, वाढती धाप, अचानक अशक्तपणा यांना थांबायचं नाही. बाकीचं तारखेसह वहीत. काळजीसाठी दिवसातली पंधरा मिनिटं राखून ठेवणं, बाकी वेळी आलेला विचार ‘पाच वाजता बघू’ म्हणून लिहून ठेवणं, हे सुरुवातीला पोरकट वाटतं, पण अनेकांना लागू पडतं. इंटरनेटवर लक्षणं शोधणं आणि हाताने वारंवार चाचपून बघणं यांनी घटकाभर बरं वाटतं आणि भीती वाढते. एवढ्याने भागत नसेल तर या भीतीवर काम करणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असतात. त्यांची वेळ घ्या.

तुमची बाजू

‘धीर धर’, ‘सकारात्मक राहा’ ही वाक्यं बंद करा. त्यांचा अर्थ ‘मला तुझं रडणं बघवत नाही’ असा पोचतो आणि मग त्या तुमच्यासमोर रडायचं थांबतात, तुम्हाला वाटतं सुधारणा आहे. त्याऐवजी ‘आजचा आकडा किती?’ विचारा आणि 7 म्हणाल्या तर संध्याकाळचं एक ठरावीक काम न बोलता उचला. ऑफिस सुरू झालं की घरकामाची जुनी वाटणी परत येऊ देऊ नका. अर्धा दिवस ऑफिस आणि पूर्ण दिवस घर अशी बेरीज झाली की बारा आठवड्यांचा आराखडा चौथ्या आठवड्यातच कोलमडतो, आणि दोष मात्र ऑफिसला जातो.

आणि परत जायचंच नसेल तर? किंवा त्याच कामावर जायचं नसेल? हेही ऐकून घ्या. आजारानंतर माणसाला कामाचा अर्थ वेगळा लागतो. फक्त नैराश्य जोरात असताना राजीनामा लिहू नये, कारण तेव्हा सगळंच निरर्थक दिसतं. उपचार सुरू करून दोन-तीन महिने जाऊ द्या, कमी तासांवर काम करून बघू द्या, आणि त्यानंतरही नको वाटलं तर तो निर्णय आजाराचा नसून त्यांचा आहे असं मानून साथ द्या.

बाराव्या आठवड्यानंतरही सहा तासांच्या पुढे जाता येत नसेल तर तपासण्या एकदा परत करून घ्या, झोप आणि मन दोन्ही नव्याने बघा, आणि काही सापडलं नाही तर सहा तासांवरच तीन महिने थांबा. सहा तास नीट होणारं काम आठ तास ओढलेल्या कामापेक्षा ऑफिसलाही परवडतं, हे बहुतेक वरिष्ठांना पत्नींचीच मागच्या दोन महिन्यांची कामाची नोंद दाखवून पटवता येतं. ती नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.